पाणी बघितलंस का?

आमच्या घरी गाडी काढायची म्हटलं की देवाला नमस्कार नंतर, आधी अण्णांचा प्रश्न. "पाणी बघितलंस का?" हे पाणी प्यायचं नाही, रेडिएटरचं. मी चाळिशी ओलांडलीय, माझ्याकडे स्वतःची नवी गाडी आहे जिचं बॉनेट मी वर्षात दोनदासुद्धा उघडत नाही, तरी पुण्याहून साताऱ्याला पोचलो की चपला काढायच्या आत तोच प्रश्न येतो आणि मी सरळ खोटं बोलतो, बघितलं म्हणून.

अण्णा विक्रोळीला एका कंपनीत फिटर होते. १९९१ साली त्यांनी सेकंडहँड पद्मिनी घेतली, ८६चं मॉडेल, दुधात चहा जरा जास्त पडल्यासारखा रंग. मे महिन्यात मुंबई ते सातारा. एक्स्प्रेसवे तेव्हा नव्हताच, बोरघाट जुन्या रस्त्यानंच चढायचा. शिंग्रोबाच्या देवळापाशी आई खिडकीतून नाणं टाकायची आणि अण्णा पुढं सोयीची जागा बघून गाडी बाजूला घ्यायचे, कारण तोवर बॉनेटमधून वाफ यायला लागलेली असायची. मग गोणपाटाचा ओला तुकडा रेडिएटरच्या कॅपवर टाकायचा, पाव फेरा फिरवायची, फुस्स झालं की थांबायचं, मग अजून पाव फेरा. आम्हा पोरांना दहा फूट लांब उभं केलेलं. पिवळ्या ऑइलच्या कॅनमधून पाणी ओतताना आतून गुडगुड आवाज यायचा. बैलांना घाटात थांबवून पाणी पाजतात तसंच गाडीलाही पाजावं लागतं, अशीच माझी समजूत होती, आणि ज्यांच्या गाड्या न थांबता जातात ते लोक जरा निर्दयी असावेत असं पण वाटायचं.

अण्णा रिटायर झाले तशी गाडी पण साताऱ्यात आली. पेठेतलं जुनं घर, मागं परडं, तिथं पत्र्याच्या शेडखाली ती उभी. महिन्यातून एकदा-दोनदा बाजारापर्यंत, कधी माहुलीपर्यंत. २०२३च्या पावसाळ्यानंतर तेही बंद झालं. का, तर अण्णा म्हणाले "मूड नाही". गाडीचा की तुमचा हे मी विचारलं नाही.

मग ऑक्टोबरच्या शेवटी पेपरात बातमी आली की मुंबईतून पद्मिनी टॅक्सी गेली. शेवटची काळीपिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली होती म्हणे, आणि मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणजे संपलंच. अण्णांनी फोनवर मला ती बातमी अख्खी वाचून दाखवली. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी आधी फियाट ११०० म्हणून बनायची, ६४ सालापासून डिलाइट, आणि पद्मिनी हे नाव पडलं १९७४ला, हे सगळं त्यांनी मला कितव्यांदा तरी सांगितलं. मग जरा थांबून म्हणाले, "दिवाळीत येशील तेव्हा हिचा वॉटर पंप बघ. आवाज करतोय." म्हणजे मूड गाडीचाच नव्हता तर.

गेल्या गेल्या बॉनेट उघडलं. पद्मिनीचं बॉनेट उघडणं म्हणजे गच्चीचं दार उघडल्यासारखं आहे, केवढी ती मोकळी जागा, माझ्या नव्या गाडीत बोट घालायला फट नाही आणि इथं इंजिनाच्या दोन्ही बाजूंना माणूस हात कोपरापर्यंत घालून आरामात काम करेल. बॉनेटच्या आतल्या अंगाला, बरोबर फॅनच्या वर, तपकिरी ठिपक्यांची एक रांग होती. एकदम सरळ, होळीला पिचकारी फिरवावी तशी. ह्या गाडीत फॅन पंपाच्याच दांड्यावर बसवलेला असतो, त्यामुळं पंपाच्या पुढून पाणी निघालं की फॅन ते धरून वर उडवतो. फॅनची दोन पाती हातात धरून पुढंमागं हलवली तर खडखड. सैल झालेल्या दाढेसारखी. बेअरिंग गेलेलं.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्या पोरानं येऊन बघितलं आणि अण्णांसमोरच म्हणाला, काका, आता ठेवून काय करताय हिला. पोरगा वाईट नाही, त्याच्याकडं गाडीला वायर लावून मोबाइलवर फॉल्ट दाखवणारं मशीन आहे, आणि हिला वायर लावायला जागाच नाही. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "आपण काढू." आपण म्हणजे मी. ते खुर्चीवर.

आता हा पंप करतो काय, तर फार काही नाही. पेट्रोल जाळून जी उष्णता होते तिच्यातली ढोबळमानानं एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर जाते, एक तृतीयांश इंजिनाच्या भिंती तापवते आणि उरलेल्यात, तेही घर्षणाला देऊन, गाडी पळते. ती भिंती तापवणारी उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेणं हे पाण्याचं काम आणि पाण्याला फिरत ठेवणं हे पंपाचं. आत एक पंख्यासारखी चकती असते, इंपेलर, ती फिरली की मधलं पाणी कडेला फेकलं जातं. ताक घुसळताना रवीभोवती खड्डा पडतो आणि ताक भांड्याच्या कडेनं वर चढतं ना, तेच. बेल्ट म्हणजे रवीची दोरी, फक्त एकाच दिशेनं ओढलेली. (इथं हृदयाची उपमा देण्याचा मोह होतोय पण अण्णांचं बायपास झालेलं आहे आणि त्यांना असल्या उपमा अजिबात आवडत नाहीत.)

पंपाशिवायही चालतं बरं का. फोर्डच्या मॉडेल टीला पहिल्या अडीच हजार गाड्यांपर्यंतच पंप होता, नंतर त्यांनी तो काढूनच टाकला, गरम पाणी हलकं होऊन आपसूक वर चढतं आणि गार पाणी खाली येतं ह्याच्यावर लाखो गाड्या चालल्या. पुण्यात अर्ध्या सोसायट्यांच्या गच्चीवरचे सोलर बंब ह्याच तत्त्वावर चालतात. हे मी अण्णांना मोठ्या उत्साहानं सांगितलं तर म्हणाले, "त्यात काय, कासचं पाणी पण बिनपंपाचंच येतं साताऱ्यात, उतारानं. इंग्रजांच्या काळापासनं." कासचं तळं हा त्यांचा अभिमानाचा विषय. साताऱ्याच्या माणसाला पाण्यावर काही शिकवू नये.

नवा पंप पुण्यातूनच घेऊन गेलो होतो, नाना पेठेतून. तिथं वॉटर पंप मागितला की दुकानदार आधी तुमच्याकडं बघतो, मग विचारतो "कशाचा?" पद्मिनी म्हटल्यावर त्यानं स्टुलावर चढून मागच्या फळीवरचा धुळीचा खोका काढला आणि पुसता पुसता मला त्याच्या वडिलांच्या पद्मिनीची गोष्ट सांगितली. तीन दुकानं फिरलो, तिन्हीकडं गोष्टी. पंपाबरोबर फॅनबेल्ट, दोन होज, क्लिपा, गॅस्केट पेपर आणि एक थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, घेतला.

सकाळी साडेसातला सुरुवात केली, गार इंजिनावर. रेडिएटरच्या खालचा कॉक उघडला तर काही येईना, गाळ बसलेला. सळईनं खुपसलं तेव्हा भळकन आलं. आई म्हणाली चहाच सोडलास की काय. खरंच तसलाच रंग, शिवाय घमेल्याच्या तळाला बोटभर लाल चिखल. तीस वर्षं ह्या गाडीत नळाचं पाणी घातलंय, दर आठवड्याला, न चुकता. कूलंट म्हणजे नुसतं हिरवं पाणी विकायचे धंदे, हे अण्णांचं मत. पण त्यात उकळबिंदू वाढवणाऱ्या ग्लायकॉलइतकीच महत्त्वाची गंज रोखणारी द्रव्यं असतात, आणि साध्या पाण्यात ती नसल्यामुळं इंजिनाचा बिडाचा ब्लॉक आतून हळूहळू विरघळल्यासारखा होतो. पाणी कितीही गोडं असू दे. हे मी बोललो नाही, घमेलं नुसतं त्यांच्या खुर्चीसमोर ठेवलं. त्यांनी ते पायानं जरा बाजूला सरकवलं.

होज काढले, कापूनच काढावे लागले, मग रेडिएटर उचलला, बेल्ट सैल केला, फॅनचे बोल्ट काढून फॅन बाहेर घेतला. इथपर्यंत एक तास. मनात म्हटलं हे तर दहा वाजेपर्यंत होतंय. पंप ज्या बोल्टांनी धरलाय त्यातले बाकीचे सरळ आले आणि एक, खालचा, जिथं पाना धड बसतही नाही, तो हलेना. रॉकेल घातलं, थांबलो. स्प्रे मारला, थांबलो. पान्याला पाइप लावून जोर देणार एवढ्यात खुर्चीवरून आवाज आला.

"आवळ."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अण्णा, सोडवायचाय."

"कळतंय मला. आधी थोडा आवळ. आवळला की गंज मोडतो, मग सुटंल. नुसता सोडवत बसलास तर मान तुटंल त्याची आणि बसशील ड्रिल मारत."

हातोडीनं बोल्टच्या डोक्यावर चार बारीक ठोके, मग आवळायच्या दिशेनं हलकासा झटका. कट्ट असा आवाज झाला आणि माझ्या पोटात गोळाच आला, वाटलं तुटला. तुटला नव्हता. सुटायच्या दिशेनं एक दात हलला, परत आवळला, परत दोन दात सोडवला. असं पुढंमागं करत करत चाळीस मिनिटं लागली त्या एका बोल्टाला. व्हिडिओत, मी आदल्या रात्री कुठल्यातरी इटालियन आजोबांचा बघितला होता, हा बोल्ट तीन सेकंदांत निघतो. आजोबांच्या गाडीत तीस वर्षं कुणी कासचं पाणी घातलं नसावं.

पंप हातात आला. इंपेलरची पाती कुरतडलेली, उंदरानं बिस्किट खावं तशी, काही ठिकाणी तर पात नुसती खूण म्हणून उरलेली. घाटात गाडी का तापायची ते दिसलं. बेल्ट फिरत होता, फॅन फिरत होता, बाहेरून सगळं झकास आणि आत पाणी ढकलायला पातच नव्हती. मी तो वायरब्रशनं घासायला घेतला, तसं काही कारण नव्हतं, भंगारातच जाणार होता, पण हातातली वस्तू पुसायची सवय आमच्या घरात आहे.

तर ह्या पंपाच्या अंगाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल कास्टिंगमध्ये दोष आहे. पंपाच्या दांड्यावर आतल्या टोकाला पाणी अडवणारं सील आणि बाहेरच्या टोकाला बेअरिंग, आणि त्या दोघांच्या मध्ये हे भोक. सील म्हातारं झालं की थोडं थोडं पाणी त्याला ओलांडून पुढं येतं. ते बेअरिंगपर्यंत पोचलं तर ग्रीस धुऊन नेईल, म्हणून त्याला मधेच खाली पडायला ही वाट करून ठेवलेली असते. गाडीखाली त्या जागी थेंब दिसायला लागला की समजायचं, सील गेलं, बेअरिंग अजून शाबूत आहे, आता पंप बदला. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा काढलं असेल त्याला माझा दंडवत. बिघाड होणारच हे धरून चाललाय आणि तो आधी कळावा म्हणून मुद्दाम एक भोक ठेवलंय.

आमच्या पंपाला ते सापडेना. घासत गेलो, काळ्या थराखाली राखाडी रंगाचा एक गोळा लागला, दगडासारखा घट्ट. एमसील. भोक पद्धतशीर बुजवलेलं. आणि त्या एमसीलवर अंगठ्याचा ठसा, इतका स्वच्छ की तलाठ्यानं सातबाऱ्यावर चालवून घेतला असता. मधून तिरकी गेलेली एक रेघ. ती मला ओळखता येते, लेथवर कापलेल्या अंगठ्याची आहे ती, ८८ सालची. त्याचे टाके मी लहानपणी मोजलेत.

मी पंप घेऊन खुर्चीपाशी गेलो. काही बोललो नाही, नुसता तो भाग वर करून धरला.

अण्णांनी चष्मा वर केला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "गळत होतं तिथनं."

"गळायलाच असतं ते अण्णा."

"फरशीवर डाग पडायचे. तुझी आई ओरडायची."

आतून आई, जिला एरवी हाक मारून ऐकू जात नाही, ती म्हणाली, "माझं नाव कशाला घेताय, मी कधी ओरडले?"

म्हणजे कधीतरी तीन-चार वर्षांपूर्वी थेंब पडायला लागला, ह्या माणसानं, आयुष्यभर मशिनं जोडलेल्या माणसानं, गाडीखाली सरपटत जाऊन तो बुजवला, थेंब थांबला, आणि पाणी मग बेअरिंगकडं गेलं. त्यांना ते भोक कशाला असतं हे माहीत नसेल? मला नाही पटत. मला वाटतं त्यांना पक्कं माहीत होतं आणि त्यांना पंप बदलायचं निघायला नको होतं. गुडघ्यांचं तेव्हा नुकतंच सुरू झालेलं, खाली बसता येत नव्हतं, म्हणजे गॅरेजवाला आला असता, म्हणजे मी आलो असतो, म्हणजे गाडी ठेवायची की विकायची हा विषय निघाला असता. एका एमसीलच्या पुडीत तो विषय चार वर्षं पुढं गेला. तसा हिशेबानं सौदा वाईट नाही. पण हे सगळं माझं. ते ह्यावर एवढंच म्हणाले की नव्याला तरी भोक आहे का बघ, आजकाल काय देतील सांगता येत नाही.

होतं.

पॅकिंग, म्हणजे पंप आणि ब्लॉकच्या मधून पाणी गळू नये म्हणून घालायचा कागद, त्यांनीच करायला घेतलं. पंपाबरोबर तयार मिळालं होतं पण ते त्यांनी बोटांत धरून वाकवलं आणि परत खोक्यात टाकलं, पातळ आहे म्हणून. गॅस्केट पेपर पंपाच्या तोंडावर ठेवला, मांडीवर पंप, आणि छोट्या गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं ठोकायला सुरुवात केली. कात्री नाही, पेन्सिल नाही. टक टक टक टक, पोहे परतताना आवाज यावा इतपतच जोर. खालच्या लोखंडाची धार वरच्या कागदाला आपोआप कापत जाते, फक्त ठोका धारेच्या जरासुद्धा बाहेर नाही आणि आतही नाही असा पडायला हवा. बोल्टाच्या भोकांवर हातोडीचा गोल भाग ठेवून एक टिचकी, आणि कागदाची चकती आत पडली. गुडघे चालत नाहीत, चहाचा कप हातात थरथरतो हे मी रोज बघतो. हातोडी थरथरत नव्हती. पंधरा मिनिटांत पॅकिंग उचलून उजेडात धरलं, भोकातून माझ्याकडं एक डोळा लावून बघितलं आणि म्हणाले, "ग्रीस."

नंतरचं पटापट झालं. ब्लॉकचं तोंड खरवडून साफ केलं, पाइप लावून आतलं लाल पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडलं, सगळं परडं गेरू सारवल्यासारखं झालं. बोल्ट एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत आणले. थर्मोस्टॅट बसवायला गेलो तर तिथं जुना थर्मोस्टॅटच नाही! "काढला मी, ९३ला, गरम व्हायची म्हणून." सगळ्यांनीच काढले होते त्या काळात. इंजिन गार पडून पेट्रोल जास्त पितं हे कुणी बघायचं. नवा बसवला. बेल्ट लावला, मधोमध अंगठ्यानं दाबून बघितला, अर्धा इंच आत जायला हवा, जास्त ताणला तर नवं बेअरिंग पण खाईल. मी दाबला आणि म्हटलं बरोबर आहे. अण्णा खुर्चीतून उठून आले, त्यांनी त्यांच्या अंगठ्यानं दाबला, आणि म्हणाले अजून एक सूत सैल कर. केला.

कूलंटवरून शेवटची झटापट झाली. मी तयार मिसळलेला कॅन आणला होता, त्यांनी लेबल वाचलं, किंमत वाचली आणि तोंड फिरवलं. घातला. कॅप उघडीच ठेवून इंजिन चालू केलं. बुडबुडे यायला लागले, आत अडकलेली हवा. दहा-बारा मिनिटांनी थर्मोस्टॅट उघडला असणार, पातळी एकदम खाली बसली, अजून ओतलं, आणि वरून बघितलं तर आत हिरवं पाणी झपझप वाहताना दिसत होतं, उन्हाळ्यातल्या पाटासारखं. ह्या गाडीत पाणी वाहताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

संध्याकाळी यवतेश्वरच्या घाटात नेली. अण्णा शेजारी, मागच्या सीटवर आई आणि तिच्या पायाशी तो पिवळा कॅन, भरलेला. नको म्हटलं तरी भरलेला. सेकंड गिअरवर चढवली, हँडलचा गिअर आहे, दोनदा माझा चुकला. अण्णांचा डॅशबोर्डवरच्या कुठल्याच खुणेवर विश्वास नाही, ते नाकानं अंदाज घेतात, प्रत्येक वळणाला काच खाली करून वास घेत होते. वर पोचलो. वाफ नाही, वास नाही, काही नाही. खाली साताऱ्यात दिवे लागत होते, अजिंक्यताऱ्याच्या अंगावर कुणीतरी फटाके उडवत होतं. "थांबव जरा," म्हणाले. उतरून कॅन घेतला, रेडिएटरकडं गेले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, मग रस्त्याकडेच्या एका झुडपाला सगळं पाणी घालून आले.

"परत न्यायचं तर उगाच वजन," एवढंच बोलले.

पुण्याला आल्यावर आठवड्यानं फोन केला. गाडी कशी आहे विचारलं, म्हणाले एकदम मस्त, आवाज नाही, काल माहुलीला जाऊन आलो. थेंब वगैरे? नाही, फरशी कोरडी आहे, रोज बघतो. मग जरा घाईघाईनं, "सकाळी थोडं कमी वाटलं, म्हणून तांब्याभर घातलं."

"काय घातलंत?"

"पाणी."

"अण्णा, कुठलं पाणी?"

"नळाचं. म्हणजे कुठलं असणार? कासचं आहे, चांगलं असतं."